अकराव्या ग्रीनचा उतार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लेख काल रात्री दोनदा वाचला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या त्या जुन्या मैदानावर, आता ओपन ही मोठी स्पर्धा भरवू नये, असं तू म्हणतोस आणि पुरावा म्हणून २०२२चे आकडे ठेवतोस. विजेता कॅमरन स्मिथ चार फेऱ्यांत २६८ फटके, म्हणजे पारपेक्षा (ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) २० कमी. यंग १९ कमी, मॅकिलरॉय १८. थोडक्यात, म्हाताऱ्याला पोरांनी लोळवलं. आता त्याला घरी बसवा.

आकडे बरोबर आहेत. पण त्याच शेवटच्या रविवारचं मॅकिलरॉयचं कार्ड पुन्हा काढ. अठराच्या अठरा ग्रीन (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळी) त्याने वेळेत गाठले आणि पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे लोटायचे फटके, मारले छत्तीस. एकही लांबचा पट पडला नाही आणि हातातली स्पर्धा गेली. दुसऱ्या कुठल्या कोर्सवर अठरा ग्रीन गाठणारा माणूस हरला असता का, सांग बरं. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडग्रीन आहेत. एकाच हिरवळीवर दोन झेंडे, आणि त्यांच्या होलांच्या नंबरांची बेरीज दर वेळी अठरा. पाचव्या-तेराव्याचा मिळून जो ग्रीन आहे तो तीस गुंठ्यांच्या पुढे भरेल. आपल्याकडे तेवढ्यात लोक बंगला बांधून पुढे आंब्याची झाडंही लावतात. अशा ठिकाणी ग्रीनवर पोचलास म्हणजे पोचलास, असं नसतं.

त्याच दिवशी स्मिथने सतराव्यावर काय केलं ते बघ. त्याच्या आणि होलच्या मध्ये रोड बंकर, वाळूचा खोल खड्डा. चेंडू उचलून मारायचा मोह कुणालाही झाला असता. त्याने पट मारायची काठी, पटर काढला, बंकरच्या कडेकडेने चेंडू चढावर नेला आणि मग दहा फुटांवरून पट टाकून पार केला. चारशे यार्ड मारता येत असतं तरी तिथे काही उपयोग नव्हता.

वाऱ्याचं तुझ्या लेखात एक वाक्य आहे. निदान परिच्छेद तरी हवा. २०१०च्या ओपनला इथेच याच मॅकिलरॉयने गुरुवारी ६३ फटके केले आणि शुक्रवारी ८०. कोर्स तोच, माणूस तोच, फक्त समुद्राकडून वारं सुटलं होतं.

आता मुद्द्याचं. तू लांबी आणि स्कोअर यांतच अडकलास. तुझ्यासारख्या माती-गवताच्या माणसाने ते करू नये. तू अकराव्या ग्रीनकडे बघायला हवं होतंस.

आधी माझी एक चूक सांगतो. आपल्याकडच्याच एका क्लबात मी ग्रीन सांभाळत होतो, नाव घेत नाही. सातवा ग्रीन मागून पुढे चांगला उतरता होता. एका स्पर्धेसाठी कमिटीला ग्रीन ‘पळते’ हवे झाले. मी मोवरचं पातं खाली घेतलं, हरळी अगदी खरवडून काढली, वर दोनदा रोलर फिरवला. स्पर्धेच्या सकाळी पहिल्याच गटातल्या एकाने वरून हलकासा पट मारला. चेंडू होलजवळून गेला, ग्रीन संपला तरी थांबेना, आणि खालच्या फेअरवेवर, ग्रीनआधीच्या गवताच्या पट्ट्यावर, जाऊन बसला. आमचे माळी पाठ फिरवून हसत होते. दुसऱ्या दिवशी मोवर दोन सूत वर घेतला असता तर प्रश्न मिटला असता. पण मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, उतारच जास्त आहे. आणि पावसाळा सरल्यावर तो उतार मी खणून काढला. मीच, माझ्या हाताने. आता त्या ग्रीनवर होलच्या खालच्या बाजूला राहावं की वरच्या, हा विचारच कुणाला करावा लागत नाही. कुठूनही मारा.

म्हणून नोव्हेंबर २०१२मध्ये ओल्ड कोर्सवरच्या फेरफारांची बातमी आली तेव्हा मला घाम फुटला. मार्टिन हॉट्री हे आर्किटेक्ट. कामांच्या यादीत रोड बंकर अर्धा मीटर रुंद करणं होतं, आणि अकराव्या ग्रीनची मागची डावी बाजू कमी उतरती करणंही होतं, म्हणजे तिथेही होल कापता येईल. तिथे होल कापता का येत नव्हतं? ग्रीन पूर्वीपेक्षा कितीतरी जलद झाले होते म्हणून. माझ्या सातव्यासारखंच. एकोणिसाव्या शतकात हा कोर्स सांभाळणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसच्या काळच्या गवतावर तोच उतार गुण होता, आजच्या कापणीत तो दोष ठरला.

एवढं करून २०१५च्या ओपनमध्ये काय झालं? शनिवारी खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला असेल-नसेल, वाऱ्याने ग्रीनवरचे चेंडू जागचे हलायला लागले. अकराव्यावर ब्रुक्स कोएप्काचा चेंडू थांबेना. दहा तासांहून जास्त वेळ खेळ बंद राहिला आणि स्पर्धा सोमवारवर गेली. जिंकला झॅक जॉन्सन, लांब मारण्यासाठी ज्याला कुणी ओळखत नाही. अकरावा ग्रीन ईडन नदीच्या मुखाशी, उघड्यावर आहे. तिथे गवत थोडं वाढू द्यायचं, एवढंच त्याचं मागणं.

टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, मागे नेण्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. २०१०ला सतराव्याची टी चाळीस यार्ड मागे, कोर्सच्या हद्दीबाहेर नेली. ४५५चा होल ४९५चा झाला. पाहुण्यासाठी शेजाऱ्याच्या पडवीत पाट मांडावा, तसलं ते. हसू येतं, पण पाट उद्या उचलता येतो. खणलेला उतार परत बसवता येत नाही. मोजमापं घेऊन, लेसर लावून बसवला तरी तो आपण केलेला असतो.

तुझा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. २०२२ला पहिल्या दिवशी फेऱ्या सहा तासांवर गेल्या. पार चारच्या काही होलांचे ग्रीन टीवरूनच गाठता येतात, मग पुढचा गट हटेपर्यंत मागचे उभे. त्यात जोडग्रीन, शिवाय सातवा आणि अकरावा एकमेकांना छेदून जातात. हा लांब चेंडूचा खरा तोटा आहे, स्कोअर नव्हे. तू हे शेवटच्या ओळीत टाकलंस. पहिल्या परिच्छेदात आण. डिसेंबर २०२३मध्ये गोल्फचे नियम करणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी चेंडूची चाचणी कडक करायचं जाहीर केलं. सगळ्यांत लांब मारणाऱ्यांचे तेरा ते पंधरा यार्ड त्याने कमी होतील, असा त्यांचा हिशेब. मला ते कमीच वाटतात, पण निदान दुरुस्ती योग्य जागी होते आहे.

तेव्हा माझं मत विचारशील तर, ओपन तिथे व्हावी. ग्रीन हळू ठेवून, वाऱ्याच्या भरवशावर, आणि कुणी २५ कमी केले तर त्याची पाठ थोपटून. पण तिला सामावून घेण्यासाठी पुन्हा एखाद्या ग्रीनला खोरं लावावं लागणार असेल, तर ओपनने दुसरीकडे जावं. स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविक कोर्सचं उदाहरण तुझ्या लेखात नाही, ते घाल. १८६०पासूनच्या पहिल्या बारा ओपन तिथे झाल्या, एकूण चोवीस. १९२५ला गर्दी आवरेना; पाच फटक्यांनी पुढे असलेला मॅकडॉनल्ड स्मिथ माणसांच्या लोंढ्यातून खेळत ८२ करून बसला आणि स्पर्धा गेली. ओपन पुन्हा तिथे आली नाही. कोर्स आहे तिथेच आहे, आंधळे (पुढचं न दिसता मारायचे) फटके आणि टेकड्यांसकट, आणि लोक मजेत खेळतात.

पुढच्या महिन्यात तू तिकडे शिकायला जातोयस, तर लेख आत्ता कुठे पाठवू नकोस. एखाद्या रविवारी सेंट अँड्रूजला जा. रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ नसतो. गावकरी कुत्री घेऊन, मुलांना घेऊन तिथे फिरतात. ही जमीन गावाची आहे, १५५२च्या सनदेतसुद्धा गावकऱ्यांचा तिथला हक्क लिहिलेला आहे. अकराव्यापर्यंत चालत जा. ग्रीनवर पाय ठेवू नकोस, कडेला उकिडवा बस आणि डोळा गवताच्या पातळीला आण. मागची डावी बाजू किती उतरते ते बघ, कागदावर रेघ काढ. मग त्याच्या शेजारी, आधी ती केवढी असेल त्याची दुसरी रेघ काढ.

दोन्ही रेघा मला पाठव. आणि कानटोपी ने, तिथलं वारं कानात शिरतं.

तुझा,
जुना मास्तर