चौकशीसाठी नेले आणि अटक दाखवली

प्रश्न : आम्ही लालबागला चाळीत राहतो. गाडी लावण्यावरून झालेल्या मारामारीनंतर माझ्या भाच्याला पोलीस रात्री अकराच्या सुमारास ‘फक्त चौकशी आहे’ असे सांगून घेऊन गेले. रात्रभर बसवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अटक दाखवली. पुढे जामीन झाला. पण अशा वेळी घरच्यांनी नेमके काय करावे?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील म्हणजे रात्रीचे अकरा आणि दुसऱ्या दिवशीची दुपार यांमधला वेळ. अटक केलेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केलेच पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २२ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५८ सांगते. हे तास कागदावरच्या नोंदीपासून नव्हे, तर माणसाच्या हालचालींवर बंधन आले तेव्हापासून मोजायचे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच घेतलेली आहे. म्हणून माणसाला नेल्याबरोबर वेळ, नेणाऱ्यांच्या वर्दीवरची नावे आणि पोलीस ठाणे लिहून ठेवावे, चाळीच्या कॅमेऱ्यातले चित्रण जपून ठेवावे आणि ठाणे अंमलदारांना सरळ विचारावे, “साहेब, याला अटक केली आहे की नोटीस दिली आहे?” सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत बहुतेक वेळा नोटीस देऊन बोलावता येते आणि अटक करायचीच असेल तर तिची गरज का, हे पोलिसांना लिहून ठेवावे लागते. हुज्जत घालू नये. प्रश्न मात्र सोडू नये.

अटक झाल्यावर तयार होणाऱ्या मेमोवर (अटकेची नोंद असलेल्या कागदावर) अटकेची वेळ असते, नातेवाइकाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते आणि अटक झालेल्याचीही सही घेतली जाते. घाईत सही करण्याआधी वेळेचा रकाना वाचावा. ती चुकीची असेल तर खरी वेळ सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहावी. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये. नाव-पत्ता खरा सांगावा, परंतु स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र संपूर्ण वेळ वकील शेजारी बसेल असे नाही. अटकेची कारणे समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत आणि ती लगेच देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी (कोठडी मागण्यासाठी) न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा मराठीतली प्रत मागण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

वैद्यकीय तपासणीत अंगावरची प्रत्येक जखम डॉक्टरांना दाखवून तिची नोंद करून घ्यावी, कारण नंतर तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तेवढे वजन राहत नाही. न्यायालयात ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारले जाते तेव्हा शेजारी पोलीस उभे असल्यामुळे बहुतेक मुले खाली मान घालून ‘नाही’ म्हणतात. हा एक शब्द नोंदवला गेला की पुढे तो खोडून काढणे फार अवघड जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. मारहाण झाली असेल किंवा रात्रभर बसवून ठेवले असेल, तर ते तिथेच, वेळेसकट सांगावे.

वकील परवडत नसेल तर कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्कच आहे, आणि जामीनदार लगेच मिळत नसेल तर जातमुचलक्यावर (आरोपीने स्वतःच लिहून दिलेल्या हमीवर) किंवा तात्पुरत्या रोख जामिनावर सोडावे, अशी विनंती वकिलांमार्फत त्याच दिवशी करावी.