वाचकांचे प्रश्न : गाणी उन्हातली, मग एवढी उदास का?

प्रश्न : मित्राने बेस्ट कोस्ट या अमेरिकन बँडचा ‘क्रेझी फॉर यू’ हा अल्बम ऐकायला दिला, म्हणे एकदम समर, बीच, सर्फ वगैरे. मला आवाज लांबून घुमत आल्यासारखा वाटला आणि शब्द बघितले तर सगळं रडगाणं. यात सर्फ कुठंय? आणि 2010च्या अल्बमला रेट्रो कसं म्हणायचं?

उत्तर : घुमल्यासारखं वाटतंय ना, तेच तर सर्फ! 1961मध्ये फेंडर या गिटार बनवणाऱ्या कंपनीने रिव्हर्बचा, म्हणजे आवाज घुमवणारा, एक डबा काढला, आत खरोखरच्या स्प्रिंगा असतात, गिटारचा सिग्नल त्यांच्या एका टोकाला शिरतो, स्प्रिंग थरथरते, लहर पुढे-मागे आपटत राहते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर येणारा आवाज असा ओलसर, लांबवर रेंगाळणारा होतो. डिक डेल या गिटारवादकाने तो जोरात वापरला आणि कॅलिफोर्नियाचं सर्फ म्युझिक म्हटलं की हाच आवाज असं समीकरण झालं. साठच्या दशकातला तोच आवाज 2010मध्ये ऐकू येतो, म्हणून रेट्रो. या संगीताचा खऱ्या सर्फिंगशी, म्हणजे फळी घेऊन लाटांवर उभं राहता येण्याशी, संबंध असलाच पाहिजे असं काही नाही, सर्फची गाणी गाणाऱ्या बीच बॉइज या बँडमध्ये सुद्धा खरा सर्फर एकटा डेनिस विल्सनच होता.

आता उदासीचं. बेस्ट कोस्टची गायिका बेथनी कोसेंटिनो कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसचीच, मध्ये न्यूयॉर्कला राहायला गेली, तिथे करमेना म्हणून परत आली आणि मग बॉब ब्रूनोबरोबर हा बँड सुरू केला, त्यामुळे यातलं ऊन हे आधी आठवणीतलं ऊन आहे असं मला कायम वाटतं. पहिलंच गाणं घ्या, ‘बॉयफ्रेंड’. चाल अशी की मान आपोआप डोलायला लागते, आणि ती सांगतेय काय तर त्याला आवडते ती दुसरी मुलगी माझ्यापेक्षा सुंदर आहे, बारीक आहे, तिच्याकडे कॉलेजची डिग्री आहे, मी तर सतराव्या वर्षीच शिक्षण सोडलं. एवढी बोचरी गोष्ट इतक्या गोड चालीत! मागचे ऊऊ-आआ पण ती स्वतःच गाते, आवाजावर आवाज चढवून. आणखी एका गाण्यात म्हणते, माझं मांजर बोलू शकलं असतं तर किती बरं झालं असतं. (कव्हरवर आहे ना, तेच ते, नाव स्नॅक्स.) शब्द साधे आहेत, क्रेझीला लेझी जुळवलेलं आहे, आणि त्यावर टीका करणारे आहेतच, पण एखाद्याची आठवण डोक्यातून जात नाही तेव्हा माणूस असंच तेच तेच बोलतो, मला ते अगदी खरं वाटतं.

प्रश्न : मग रेट्रो कान तयार करायला आधी काय ऐकू?

उत्तर : रॉनेट्स या मुलींच्या गटाचं ‘बी माय बेबी’, 1963. सुरुवातीचा ड्रमर हॅल ब्लेनचा ठेका नीट ऐका, धम्, धधम्, टाळी. ते मनात बसलं की बीच बॉइजच्या हार्मनी, म्हणजे एकमेकांत मिसळलेले आवाज, ऐका, मग परत ‘क्रेझी फॉर यू’ लावा, आणि यावेळी शब्द न वाचता, सलग. जेमतेम अर्ध्या तासाचा तर आहे.