जागा बघायला निघालीस म्हणून

प्रिय पोरी,

प्रभूत सलाम.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, पूरग्रस्तांची 34 कुटुंबं आहेत, पैशाची सोय झालीय, आता फक्त जागा शोधायचीय, काका कुठनं सुरुवात करू. फोनवर सांगणार होतो पण एवढं सगळं फोनवर होत नाही आणि तू लिहून घेशील का नाही माहीत नाही, म्हणून बसून लिहितोय. जपून ठेव, पुढं उपयोगाला येईल.

मी 31 वर्षं सरकारच्या जमीन मोजणी खात्यात काढली, साखळी ओढण्यापासनं मशीनपर्यंत सगळं बघितलं, आणि चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे जबाबदार माणूस, म्हणून पूरग्रस्तांच्या जागेच्या कामात 2005 पासनं आहे. त्यामुळं जमिनीचं मला कळतं असं मी पहिल्यांदा धरून चाललो होतो, आणि तिथंच चुकलो.

2005 च्या पुरानंतर आम्हाला एका भल्या शेतकऱ्यानं रस्त्याकडेची जमीन देऊ केली. उंचावर होती, मुरमाड होती, पाणी यायची शक्यताच नाही, कागद स्वच्छ. मी स्वतः मोजली, हद्दीचे दगड रोवले, 22 घरं उभी राहिली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळे रडले, मी पण रडलो. तीन वर्षांनी एका कामासाठी त्या बाजूला गेलो तर 22 पैकी 13 घरांना कुलूप. लोक परत नदीकाठी जुन्या पडक्या भिंतींवर पत्रे टाकून राहत होते. मला राग आला अगं, खरंच सांगतो, वाटलं एवढं करून दिलं आणि यांना किंमत नाही. तसाच जुन्या गावात गेलो, त्यातल्या एका मावशीच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, का आलात परत. ती धार काढत होती, उठली पण नाही, म्हशीच्या कासेकडं बघतच म्हणाली, "साहेब, घर चांगलं हाय वो तुमचं. पर म्हस कुठं बांधू?"

मी गप्प झालो. घरामागं चार फूट बोळ सोडला होता आम्ही. वैरण आणायची तर तिचं शेत तिथनं सात किलोमीटर, सकाळची धार काढून डेअरीच्या वेळेत दूध घालायचं तर जायला एसटी नाही. दोन म्हशींवर त्या बाईचं घर चालत होतं, पोरीचं शिक्षण चालत होतं, आणि आम्ही तिला पाण्यापासनं वाचवताना तिची भाकरी काढून घेतली होती. यादी करताना घरात माणसं किती एवढंच विचारलं होतं आम्ही, जनावरं किती ते कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, आधी जमीन बघायला जाऊ नकोस. 34 घरांत जा. जेवायच्या वेळी नको, संध्याकाळी दूध घालून लोक मोकळे होतात तेव्हा जा, आणि बायकांशी वेगळं बोल. पुरुष माणूस सांगणार रस्ता पाहिजे, मोठा प्लॉट पाहिजे. बाई सांगेल पाणी कुठनं आणायचं, रात्री पोरगी एकटी क्लासवरनं कशी येणार, सासू दवाखान्यात कशी न्यायची. कोण कुणाच्या रानात भांगलणीला जातं, कुणाचं स्वतःचं अर्धा एकर ऊस आहे, कोण जयसिंगपूरला कामाला जातं, हे सगळं वहीत लिही. मग नकाशावर एक गोल काढ, की एवढ्याच्या आत जागा मिळाली तर ही माणसं तिथं टिकतील. त्या गोलाबाहेरची जमीन कुणी फुकट दिली तरी आभार मानून नाही म्हण.

आपल्या कोल्हापुरातच बघ ना, 1989 च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या सरकारनं, आणि तरी जुनं गाव अजून नांदतंय, पूर आला की लोक जनावरं घेऊन सोनतळीला आणि ओसरला की परत खाली. त्यांना अडाणी म्हणणारे खूप भेटतील तुला. ती माणसं अडाणी नाहीत, त्यांचं शेत खाली आहे, देव खाली आहे, माती काळी आहे आणि ती सोन्यासारखं पीक देते. हे आधी मनापासनं मान्य कर मगच त्यांच्याशी स्थलांतराचं बोल.

आता जमीन. शिरोळ तालुक्यात तुला स्वस्त जमीन दाखवायला एजंट रांग लावतील. मी सांगतो ती दोनच कारणानं स्वस्त असते, एकतर पूररेषेत असते नाहीतर क्षारपड असते. पूररेषेचं असं की जलसंपदा खात्याच्या नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळी म्हणजे साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत घर बांधायचंच नाही, आणि माझं वैयक्तिक मत विचारशील तर आपण लालच्या पण बाहेरच जायचं, कारण 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, इशारा पातळी 39 आणि धोका पातळी 43 असताना, आणि दोनच वर्षांत 2021 ला परत तसंच झालं. शंभर वर्षांची वाट बघत नाही आता पाणी. आणि शिरोळचं तर अजून वेगळं, तिथं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो आणि दिवसेंदिवस उभा राहतो. कोल्हापुरात पाणी उतरलं म्हणजे कुरुंदवाडात उतरलं असं धरू नकोस. नकाशा बघच, पण शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्याला पण विचार की 2005 ला कुठं, 2019 ला कुठं. तो बांधावरचं झाड दाखवतो, बुंध्यावरची खूण दाखवतो. एकदा तरी जुलैच्या शेवटी जा, मे महिन्यात सगळीच जमीन चांगली दिसते.

क्षारपड ओळखायला लॅब लागत नाही, लॅब नंतर. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसतो, मीठ सांडल्यासारखा, बूट आपटला की धूळ उडते पांढरी. विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघ, मचूळ लागलं की समज. उसाला पाणी देऊन देऊन निचरा बंद पडलेली जमीन असते ती. तिथं घर बांधलं की पाच वर्षांत भिंतीला लोणा लागतो, प्लास्टर फुगून हातात येतं, आणि पिण्याचं पाणी जन्मभर टँकरचं. गरिबाला आपण अशी जागा द्यायची नाही. ज्या जागेवर तू स्वतः राहिली नसतीस ती त्यांच्यासाठी घ्यायची नाही, माझा हा नियम मी कुठल्याही मीटिंगमध्ये सोडलेला नाही.

कागदाचं सांगतो, आणि इथं माझ्या हातनं पैसा बुडालाय म्हणून नीट वाच. एका माळावरची दीड एकर पसंत पडली, मालक गोड बोलणारा, सातबारावर त्याचं नाव, घाई होती कारण लोक शाळेत राहत होते आणि शाळा सुरू व्हायची होती. इसार दिला दोन लाख, म्हणजे खरेदीआधीची आगाऊ रक्कम. मी सातबाराचा वरचा भाग बघितला आणि इतर हक्काचा रकाना वरवर बघितला, मी, ज्यानं आयुष्य त्याच रकान्यांवर काढलं. तिथं दोन बहिणींची नावं होती. मालक म्हणाला सह्या देतील हो, आमच्यात वाद नाही. एका बहिणीनं दिली, दुसरी म्हणाली माझ्या बापाची जमीन आहे मला विचारलं कुणी. आणि तिचं बरोबर होतं. हक्कसोडपत्र झालं नाही, व्यवहार मोडला, इसार परत मिळाला नाही. लोकांनी दहा-वीस रुपये दान टाकलेले पैसे होते ते. तेव्हापासनं मी सातबारा एकट्यानं वाचत नाही, दोघं वाचतो, एक मोठ्यानं वाचतो आणि दुसरा बोट ठेवून बघतो. जुने फेरफार मागव, म्हणजे नावं कशी बदलत आली त्याच्या नोंदी, नुसता आजचा सातबारा पुरत नाही. 8अ बघ, म्हणजे मालकाच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, वारस बघ, बँकेचा बोजा बघ, सोसायटीचा बोजा बघ.

भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकायला सरकारची अट असलेली जमीन, असं लिहिलेलं असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय हात लावू नकोस. देवस्थान इनाम असेल तर विषयच सोड, आपल्या जिल्ह्यात देवस्थानच्या जमिनी खूप आहेत आणि गोड बोलून विकणारे पण आहेत. गायरान देतो म्हणून कुठला पुढारी म्हणाला तर नम्रपणे ऐकून घे आणि बाजूला हो, 2011 ला सुप्रीम कोर्टानं गायरानावरची अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं, त्यानंतर तिथं बांधलेलं घर म्हणजे कधी नोटीस येईल ते सांगता येत नाही. आणि संस्था शेतकरी नसते, त्यामुळं कूळ कायद्याच्या 63 कलमामुळं शेतजमीन थेट मिशनच्या नावानं घेता येत नाही, परवानगी नाहीतर बिगरशेती, दोनातलं एक लागतंच. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्याबद्दलचे, नियम मधेमधे बदलत असतात, ते त्याच आठवड्यात रजिस्टर ऑफिसला विचारायचं, मागच्या वर्षीच्या माहितीवर चालायचं नाही. रस्त्याचं तर विसरूच नकोस, गटाच्या नकाशावर पाणंद, म्हणजे शेताकडं जाणारी वाट, दाखवलीय का आणि ती जागेवर खरंच मोकळी आहे का. बांध कोरून कोरून पाणंदी गिळल्यात लोकांनी. घरं झाल्यावर शेजाऱ्यानं काटे टाकले की ॲम्ब्युलन्स आत येत नाही.

कागदाचा कंटाळा येईल तुला, वाटेल मी देवाच्या कामाला आले आणि तलाठ्याच्या दारात बसलेय. त्यावेळी बायबलातला यिर्मयाचा 32 वा अध्याय काढून वाच. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घातलाय, संदेष्टा स्वतः कैदेत, सगळं गाव उद्या उजाड होणार हे त्यालाच ठाऊक, आणि तो चुलत भावाकडनं अनाथोथचं शेत विकत घेतो. 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदार बसवतो, खरेदीखत एक मोहर लावलेलं आणि एक उघडं असं दोन करतो आणि मातीच्या भांड्यात घालून ठेवायला सांगतो, खूप दिवस टिकावं म्हणून. मी हे मोजणी खात्यात असताना पहिल्यांदा नीट वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तो देवाचा माणूस व्यवहारात एक पायरी सुद्धा गाळत नाही.

एक दुखतं ते पण सांगून टाकतो. 2019 ला आमच्या लोकांना वाटलं की आपल्याच एका ट्रस्टची जागा पडून आहे, कोपऱ्यातले 20 गुंठे मागू. अर्ज दिला. चौदा महिन्यांनी उत्तर आलं की ट्रस्टच्या उद्देशात बसत नाही. 1852 पासनं या कोल्हापुरात मिशन आहे, मिशनरी विल्डर साहेब आले तेव्हापासनं, शाळा काढल्या दवाखाने काढले, आणि पुरातली माणसं उद्देशात बसत नाहीत हे वाचून मी दोन रविवार चर्चला गेलो नाही. मग गेलो. तू पण विचार, तरी विचार. मिळाली तर चॅरिटी कमिशनरची परवानगी लागते, ट्रस्टच्या कायद्याचं 36 कलम, त्याला वेळ धर. नाही मिळाली तर कडू होऊ नकोस, पुढच्या गावाला जा.

आणि पुढच्या गावाला जाणं हेच सगळ्यात अवघड, जमिनीपेक्षा. ज्या गावाच्या हद्दीत 34 घरं येणार त्या गावाला भीती वाटते, आमचं पाणी वाटून घेणार, शाळेत गर्दी, मतदान बदलणार, आणि मिशन म्हटलं की धर्म बदलायला आलेत. ही भीती खोटी आहे म्हणून चिडायचं नाही. सरपंचाच्या घरी चहा पिऊन काम उरकायचं नाही, ग्रामसभेत उभं राहायचं. 34 जणांची यादी चावडीवर लाव, कोण कुठल्या जातीचं धर्माचं हे बघून नाही तर कुणाचं घर पडलं हे बघून केलेली आहे हे ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. माझं मत स्पष्ट आहे, घराच्या किल्लीबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका द्यायची नाही, कॉलनीला मिशनचं नाव द्यायचं नाही, कमानीवर क्रूस लावायचा नाही. आपल्यातले काही वडीलधारे यावर नाराज होतील, म्हणतील मग आपल्या विश्वासाची साक्ष कुठं राहिली. त्यांना माझ्याकडं पाठव. पुरात सगळं गेलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर देताना त्याच्याकडनं काहीही मागणं, नजरेनं सुद्धा मागणं, मला पाप वाटतं. त्या गावाला पण काहीतरी मिळू दे, बोअर मारशील तर नळ त्यांच्या वस्तीपर्यंत ने.

परदेशातनं कुणी पैसे देतो म्हणाला तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याचं, आधी बघ, 2020 नंतर एका संस्थेचा असा पैसा दुसरीला देता येत नाही, हिशेबनीसाला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. सरकारी घरकुल कुणाला मंजूर असेल, प्रधानमंत्री आवासचे 1 लाख 20 हजार, तर ते बुडवू नकोस, आपले पैसे जागेवर घाल आणि ते घरावर.

खरेदीखतात बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं. यात तडजोड नाही. बायबलात सलाफहादाच्या मुली मोशेपुढं उभ्या राहून वाटा मागतात आणि देव म्हणतो त्यांचं बरोबर आहे. आपल्या 34 मध्ये चार विधवा आहेत असं तू लिहिलंयस, त्यांच्या दिराला आत्ताच समोर बसवून सांग की जागा हिच्या एकटीच्या नावावर होणार, नंतर सांगशील तर भांडण होईल आणि ते भांडण तिला एकटीला झेलावं लागेल.

आता कामाचं. तू पाठवलेल्या तीन गटांपैकी एक मी ऑनलाइन बघितला, वर्ग 2 आहे, तो सोड. बाकीच्या दोनाचे फेरफार तलाठ्याकडनं काढून घे, जमलं तर मोजणीची क प्रत पण, म्हणजे हद्दीचा मोजणी नकाशा. गुरुवारी सकाळी मी सात वाजता शिरोळच्या स्टँडवर येतो. ती म्हशीवाली मावशी आठवते ना वर लिहिलेली, तिला फोन केलाय, ती येतो म्हणाली जागा बघायला, मी दरवेळी नेतो तिला. मला दिसत नाही ते तिला दिसतं. गाडीत तिला पुढं बसव, तिचे गुडघे दुखतात. आणि दहाच्या आत परत सोडायला लागेल, वैरणीला जायचं असतं तिला.

तुझा,
काका