एचडीआर: पांढऱ्या कडा, दुहेरी पानं आणि फुकटातली सॉफ्टवेअर

प्रश्न असा आहे: एचडीआरसाठी (काळोख आणि उजेड दोन्हींतले तपशील दिसावेत म्हणून) एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडल्यावर झाडाच्या शेंड्यांभोवती पांढरी कड येते, पानं दुहेरी दिसतात, मग पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यावं का? नको. यातलं निम्मं दुखणं फोटो काढतानाचं आहे आणि उरलेलं स्लायडर ताणल्याचं.

आधी कॅमेरा. ॲपर्चर प्रायॉरिटी मोड (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा बदलतो), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, फोकस एकदा साधून मॅन्युअलवर. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) फक्त शटरने बदला. ॲपर्चर बदललं की डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत दृश्य स्पष्ट दिसतं ते) बदलते आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. मधला फोटो १/६० सेकंदाला असेल, तर -२ चा (दोन स्टॉप, म्हणजे चौपट कमी उजेडाचा) १/२५० ला आणि +२ चा १/१५ ला येईल. म्हणजे ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर हवाच. सगळ्यात काळ्या फोटोचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटता कामा नये, सगळ्यात उजळ फोटोचा डाव्या भिंतीला. खोलीतून खिडकीबाहेरचं दृश्य घेताना तीन फोटो पुरत नाहीत, पाच घ्या. एकाच रॉमधून (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) तीन जेपेग काढून ते जोडण्यात मात्र अर्थ नाही. नवी माहिती येते कुठून?

रॉ असतील तर एचडीआरमर्ज हे सॉफ्टवेअर वापरा. प्रत्येक पिक्सेल जिथे जळालेला (पूर्ण पांढरा पडलेला) नाही अशा सर्वात उजळ फोटोतून ते उचलतं, म्हणून सावल्यांत नॉइज (दाणेदारपणा) कमी राहतो. कुठला भाग कुठल्या फोटोतून आला, ते रंगांनी दाखवतं. हललेल्या पानांवर ब्रश फिरवून तो सगळा भाग एकाच फोटोला द्या, दुहेरीपणा गेला. फक्त पानांमागचं आकाश ज्यात जळालेलं नाही असा फोटो निवडा, बहुतेकदा तो काळाच असतो.

तयार झालेली डीएनजी (रॉसारखी फाइल) रॉथेरपी या रॉ एडिटरमध्ये उघडा. ती काळपट दिसेल, तो बिघाड नव्हे, एक्स्पोजर वाढवा. मग डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशनची अमाउंट २० च्या आसपास ठेवून सुरुवात करा. पांढऱ्या कडेचं मूळ इथे आहे. हे कॉम्प्रेशन म्हणजे लोकल टोन मॅपिंग, उजेडाची मोठी रेंज पडद्याला पेलेल इतकी आवळणं. ते प्रत्येक ठिकाणचा उजेड शेजार बघून ठरवतं. काळ्या झाडालगतच्या आकाशाला शेजार काळा मिळतो, म्हणून तेवढा पट्टा उजळतो. स्लायडर जितका ताणाल तितकी कड ठळक. शिवाय आकाश जमिनीपेक्षा काळं झालं की डोळ्याला लगेच खोटं वाटतं.

फक्त जेपेग असतील तर ह्युगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं एन्फ्यूज घ्या. २००७ साली मांडलेल्या एक्स्पोजर फ्यूजन पद्धतीवर ते चालतं. एचडीआर फाइल बनवतच नाही, प्रत्येक फोटोतला नीट उजेडाचा भाग घेऊन मिसळतं. फोटो आधी ह्युगिनच्याच अलाइनमेंटमधून (फोटो एकमेकांवर नीट बसवण्याच्या सोयीतून) काढा. चित्र थोडं सपाट येतं. कर्व्हने किंचित कॉन्ट्रास्ट चढवला की झालं. नैसर्गिक दिसायला मला तरी हाच रस्ता सोपा वाटतो.

ल्युमिनन्स एचडीआर हे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्यातली फटाल ही टोन मॅपिंगची पद्धत निवडताना जपून. त्याचा परिणाम चित्राच्या आकारानुसार बदलतो, छोट्या प्रिव्ह्यूत छान दिसलेलं पूर्ण आकारात वेगळंच निघतं. सेटिंग पूर्ण आकारावरच तपासा आणि १६ बिट टिफमध्ये सेव्ह करा.