मिथेन हायड्रेटच्या संशोधनावर सरकारनं पैसा घालावा का?

घालावाच. समुद्रतळाखाली थंडीत आणि प्रचंड दाबात बर्फात अडकलेला गॅस आहे हा, 1 घनमीटर हायड्रेटमधनं साधारण 160 घनमीटर गॅस सुटतो, आणि आपल्याकडं 2006 च्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात सापडलाय, म्हणजे आमच्या पंचगंगेचं पाणी कृष्णेतनं जिथं समुद्राला मिळतं त्याच बाजूला बघा. अडचण काढण्यात आहे. जपाननं 2013 ला काढून दाखवला पण विहिरीत वाळू शिरली आणि 6 दिवसांत टेस्ट बंद. असल्या कामात खाजगी कंपनी पहिला पैसा घालत नाही हो, म्हणून सरकारनंच घालायचा. फक्त गळती मोजायचा खर्च त्यातच धरा, मिथेन हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा लई जास्त तापवतो. आणि इकडं साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासनं (उसाचा रस साफ करताना उरणारा गाळ) बायोगॅस आत्ताच करता येतोय, त्याचे पैसे कापून हे नको.