राग येतो म्हणून तू वाईट नाहीस

तुझा मेसेज दोनदा वाचला. घरच्यांनी खूप केलंय हे डोक्याला कळतं पण आतून काहीच वाटत नाही, उलट त्यांचा रागच येतो, मी वाईट आहे का, असं विचारलंयस. नाहीयेस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट वाचशील.

रोज मिळणारी गोष्ट दिसेनाशी होतेच, पंख्याचा आवाज तो बंद पडल्यावरच कळतो ना, तसं. आणि वर स्वतःचं केलेलं मात्र लख्ख आठवतं. 1979 मध्ये मायकल रॉस आणि फिओर सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं की घरच्या कामांत तुमचा वाटा किती, तर बहुतेक जोड्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं कोणी बोलत नव्हतं हो, आपण केलेलं काम करताना आपण तिथे असतो म्हणून ते आठवतं, दुसऱ्याने केलं तेव्हा आपण झोपलेले असतो नाहीतर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले असतो.

माझंच सांगते. कॉलेजात असताना मी रात्री उशिरा घरी यायचे तेव्हा पॅसेजमधला लाईट चालूच असायचा, मी तो बंद करून झोपायला जायचे, आणि मनात काय यायचं तर, मला बिलावरून बोलतात आणि स्वतः लाईट बंद करायला विसरतात. कितीतरी वर्षांनी बाबा सहज बोलता बोलता म्हणाले, "दाराखालची उजेडाची पट्टी गेली की मला झोप लागायची." म्हणजे मी पोचले हे मीच त्यांना रोज सांगत होते आणि मला पत्ताच नाही! मी फक्त आळशीपणा बघितला होता.

आता कठीण काळाचं. लोक म्हणतात संकटात माणसांची किंमत आपोआप कळते, मला नाही पटत. दुखत असताना माणसाला दुखण्यापलीकडे काही दिसत नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा भावाशी बोलणं जवळपास तुटलेलं होतं, तरी तो आला, खुर्चीत पाय दुमडून झोपला, आणि मी काय केलं तर तो घोरतो म्हणून त्याच्यावर खेकसले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मोबाईलची बॅटरी संपली म्हणून रिपोर्टची फाईल चाळत बसले, तर प्रत्येक कागद तारखेने लावलेला, आणि आतल्या कव्हरवर त्याच्या त्या किडामुंगी अक्षरात गोळ्यांच्या वेळा, रात्री 2 ची सुद्धा, आणि पुढे टिक. म्हणजे 2 वाजता मला उठवणारी ती "नर्स" बऱ्याचदा हाच होता. मला गुंगीत कळलंच नव्हतं.

म्हणून तुला "थँकफुल वाट" असं मी सांगणारच नाही, वाटणं काही हुकमाने येत नाही, बघणं मात्र जमतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांच्या 2003 च्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांच्याबद्दल आभारी वाटलं अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या आणि त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं आयुष्य जरा बरं वाटत होतं. तू पाच नको, एकच लिही. पण "आई खूप चांगली आहे" असलं नको, तो निबंध झाला. कोणी, कधी, काय केलं आणि त्यात त्याचं काय गेलं, एवढंच. रोज नको, रोज लिहिलं की होमवर्क होतो, मी करून बसलेय.

एक मात्र नीट ऐक. घरात कोणी मारत असेल, सतत अपमान करत असेल, किंवा "एवढं केलं तुझ्यासाठी" म्हणून गळा धरत असेल तर हे सगळं पत्र बाजूला ठेव आणि बाहेरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाशी बोल. आभार मानणं म्हणजे कर्ज फेडणं नाही. आणि साधा रोजचा राग असेल तर तो राहू दे की, राग आणि प्रेम एकाच माणसाबद्दल एकाच दुपारी असू शकतं, मला तर बहुतेक दुपारी असतं.

राहिलं ते त्या माणसाला प्रत्यक्ष सांगण्याचं. ऑकवर्ड होईल म्हणून आपण बोलत नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 च्या अभ्यासात लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली, तर लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना अवघडल्यासारखं कमी झालं आणि आनंद जास्त झाला. तरी तुझ्या घरी कोणी डोळ्यांत पाणी वगैरे आणेल अशी अपेक्षा ठेवू नकोस हं. मी भावाला त्या टिकांबद्दल फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "फाईल टाकलीस की काय? नीट ठेव, फॉलोअपला लागेल."