‘जि. कुलाबा’ म्हणजे नेमका कुठला?

विचारणा अशी आहे : आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मु. पो. चौल, ता. अलिबाग, जि. कुलाबा’ असे लिहिले आहे. कुलाबा तर मुंबईत. मग ही कारकुनाची चूक धरायची का?

चूक मुळीच नाही. आजच्या रायगड जिल्ह्याचे सरकारी नाव १९८० अखेरपर्यंत ‘कुलाबा’च होते. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, १ जानेवारी १९८१ पासून ते बदलले.

नाव आले ते अलिबागसमोरच्या किल्ल्यावरून. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला चारी बाजूंनी पाणी. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात त्याचे काम सुरू झाले, संभाजी महाराजांनी पुरे केले आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. त्यांच्या मुलखालाही मग कुलाबा संस्थान म्हणू लागले. वारसाचा प्रश्न पुढे करून इंग्रजांनी १८४० मध्ये ते खालसा केले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

संस्थान आणि जिल्हा एकच समजू नये, ही गल्लत फार होते. महाड, पेण हे आंग्र्यांचे नव्हेत, पण जिल्ह्यात होते. पनवेल आणि कर्जत ठाणे जिल्ह्यातून नंतर इकडे आले. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन तर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीकडे, आणि पालीचा सुधागड भोर संस्थानात. म्हणून श्रीवर्धनच्या त्याआधीच्या कागदावर ‘जि. कुलाबा’ शोधाल तर मिळायचे नाही; तिथे ‘संस्थान जंजिरा’च असणार.

आता मुंबईचा कुलाबा. तो कोळ्यांच्या ‘कोळभात’वरून आला असे एक मत, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्याला अरबीत असलेल्या शब्दावरून असे दुसरे. दोन्ही ठिकाणी समुद्र आहे आणि कोळीवस्तीही, त्यामुळे एकाने दुसऱ्याचे नाव उचलले असे मानायची गरज मला वाटत नाही. इंग्रजीत मुंबईचा कुलाबा ‘सी’ने आणि जिल्हा ‘के’ने लिहीत, तेवढीच खूण. त्या ‘के’वाल्या स्पेलिंगवरून काही जण मराठीतही ‘कोलाबा’ लिहितात, ते टाळावे.

या दोन कुलाब्यांची एक खरी गाठ मात्र आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिच्यात बिघाड होणार हे दिसू लागले, म्हणून ते काम १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवले. म्हणजे कुलाब्यातून निघून ते कुलाबा जिल्ह्यातच गेले!

जुने नाव इतिहासातही घट्ट बसले आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो मार्च १९२७ मध्ये महाडला भरलेल्या ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदे’च्या वेळी. चिंतामणराव देशमुख १९५२ मध्ये लोकसभेवर गेले ते कुलाबा मतदारसंघातून, आणि त्या मतदारसंघाचे नाव तर जिल्ह्याचे नाव बदलल्यावरही २००४ च्या निवडणुकीपर्यंत टिकले.

तेव्हा घराण्याचा वृत्तान्त लिहिताना दाखल्यावरचे नाव खोडू नका. ‘जि. कुलाबा (आताचा रायगड)’ असे लिहा. वंशावळीचे कागद जोडताना दोन्ही नावे एकत्र दिसली की तपासणाऱ्यालाही अडायला कारण उरत नाही.